भाचेबुवा, आधी लोखंड बघ

जुनं मशीन, म्हणजे अँप्लिफायर, घ्यायचंच असेल तर आषाढात घे. तुळशीच्या लग्नापासून पुढे लग्नं, हळदी, सप्ते, जत्रा यांत आपल्या मुरबाड-शहापूरकडच्या साउंडवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा माळ्यावर धूळ खात पडलेल्या डब्याचीही तो चढी किंमत सांगतो. आषाढ लागला की धंदा बसतो, लावणीची मजुरी द्यायची असते आणि गणपती अजून लांब असतात. श्रावण अर्धा सरला की बेंजोवाल्यांची धावपळ सुरू होते, मग भाव पुन्हा चढतो. सरळगाव, धसई, टोकावडे, किन्हवली, डोळखांब, कुठेही जा. ज्या डेकोरेटरच्या पोराने नवी सिस्टिम घेतली आहे, त्याच्या माळ्यावर बापाचं मशीन असतंच. पोराला विचारू नको, बापाला विचार. पोरगा भंगाराच्या भावाने देईलही, पण मशीन कशाने बंद पडलं हे बापालाच ठाऊक असतं.

बघायला गेलास की नाव, रंग, बटणं नंतर बघ. आधी उचलून बघ. व्हॉल्व्हचं मशीन हाताला जड लागलंच पाहिजे, कारण त्यात दोन ट्रान्सफॉर्मर असतात, एक लाइटीचा आणि एक आउटपुटचा. बाकी सगळं बदलता येतं. कंडेन्सर, रेझिस्टर लॅमिंग्टन रोडला पैशाला पासरी. व्हॉल्व्ह पूर्वी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे यायचे, आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधले येतात. महाग पडतात, पण मिळतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळालेला असला तर मात्र मशीन तिथेच ठेव आणि चहा पिऊन घरी ये. मोटार-पंपाचं वाइंडिंग करणारा ‘करून देतो’ म्हणेल. पण या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी एकमेकांत थर देऊन गुंडाळलेली असतात. तो सरळ एकावर एक गुंडाळून देतो. मशीन बोलतं, पण आवाजातला जीव गेलेला असतो.

तुला पखवाजाची धुम हवी आहे ना, म्हणून हे जास्त सांगतो. सूर जितका खालचा, तितकं त्या ट्रान्सफॉर्मरला लोखंड जास्त लागतं. लोखंड कमी पडलं की खालचा सूर फाटतो, वरचे मात्र ठीक ऐकू येतात, म्हणून दुकानात कळत नाही. साहेबी वाद्यवृंदात माणसाएवढा डबल बास असतो. त्याची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते. भाषणासाठी बनवलेलं मशीन तिथे हात टेकतं. आपल्या पखवाजाला डाव्या तोंडाला कणीक लावल्यावर जो घुमारा निघतो, तोही भाषणाच्या मशीनला पेलत नाही. मशीन ऐकायचं तर कॅसेटचं गाणं लावून ऐकू नको. पखवाज घेऊन जा, डाव्या तोंडासमोर माइक धर आणि आवाज हळूहळू वाढव.

आणि हे भोंग्यावर करू नको. भोंगा साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली बोलतच नाही, मागे कितीही भारी मशीन लाव. काकड्याचा आवाज शिवाराच्या पलीकडे पोचवायला भोंगा उत्तम. पखवाजाला पंधरा इंची स्पीकर आणि लाकडाची घट्ट पेटी हवी. पेटीचं प्लायवुड कुजलं असेल, ठोकल्यावर भदभद वाजत असेल, तर स्पीकर काढून घे आणि पेटी चुलीत घाल.

नाकाचाही उपयोग कर. झाकण उघडायला सांग आणि ट्रान्सफॉर्मरजवळ नाक ने. जळक्या वॉर्निशचा वास एकदा डोक्यात बसला की पुन्हा विसरत नाही. तो आला तर बोलणंच बंद कर. स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर बऱ्याच जणांनी हात घातला आहे असं समज. मग सिरीज बोर्ड काढ. शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजला लाव, व्हॉल्व्ह आधी काढून ठेव आणि मशीन चालू कर. बल्ब क्षणभर पेटून जवळपास विझला तर लाइटीचा ट्रान्सफॉर्मर बरा आहे. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. विझल्यावरही अर्धा तास तसंच चालू ठेव, मग प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लाव. काही काम नसताना तो चांगला तापला असेल तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत. विकणारा घाई करेल, करू दे.

नावाचं म्हणशील तर ज्याने त्याने शिकागो रेडिओ, शिकागो रेडिओ म्हणून किंमत वाढवून ठेवली आहे. नाव मोठंच होतं. स्वातंत्र्याआधी काँग्रेसच्या सभांना त्यांचे लाऊडस्पीकर असायचे, जुन्या फोटोंत माइकवर नाव वाचता येतं. कंपनीचे नानिक मोटवाने १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर आरोपी होते, पुढे सुटले. हे सगळं कपाटात ठेवून बघायला छान. सप्त्यात सात दिवस वाजवायचं असेल तर नावाचे पैसे मोजू नको. आहुजाचं जुनं मशीन मी डोळे झाकून नाही, पण निम्मे झाकून घेईन, कारण आपल्याकडच्या मेकॅनिकचे हात त्यावर बसलेले आहेत.

खरी गोम आहे ती असेंबल केलेल्या मशीनची. कल्याण-उल्हासनगरचे, मुंबईचे हुशार मेकॅनिक स्वतःच्या डोक्याने मशीनं बांधायचे. वर ना नाव, ना नंबर, पत्र्याचा डबा आणि हाताने रंगवलेली अक्षरं. त्यातली काही कंपनीच्या मशीनच्या कानाखाली वाजवतील अशी आहेत. मापात लोखंड, जाड वायर, कंजूषपणा नाही. पण बांधणारा गेला की सर्किटही गेलं, कारण ते कागदावर नव्हतंच. म्हणून असं मशीन घरी आणलंस की वाजवायच्या आधी झाकण काढून चारी बाजूंनी फोटो काढ. मोबाइल आहे ना हातात, रील बघण्यापेक्षा हे कर. मग मेकॅनिकला पैसे देऊन सर्किट कागदावर उतरवून घे. एक प्रत घरात ठेव, एक घडी करून डब्याच्या झाकणाला आतून चिकटव, पण व्हॉल्व्हपासून लांब, नाहीतर करपेल.

झाकण काढशील तेव्हा लक्षात ठेव, प्लग काढला म्हणजे मशीन मेलं असं नाही. व्हॉल्व्हच्या मशीनमधले मोठे कंडेन्सर तीनशे-चारशे व्होल्ट धरून बसतात. काही पोरं स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते रिकामे करतात. तू तसं करू नको. होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी लाव, मग मीटरने बघ, मगच हात घाल. एक हात खिशात ठेवायची सवय लाव.

व्हॉल्व्हचं आणि ट्रान्झिस्टरचं मशीन यांचे स्वभाव उलटे. व्हॉल्व्हचं मशीन स्पीकर जोडल्याशिवाय कधी वाजवू नको, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत फुटतो. ट्रान्झिस्टरचं मशीन स्पीकरशिवाय चालतं, पण स्पीकरच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की क्षणात जातं. मांडवात खांबाला गुंडाळलेली वायर उंदराने कुरतडलेली असते, तिथेच हे होतं. वायर टाकल्यावर मशीनला जोडायच्या आधी मीटर लाव. आठ ओहमच्या स्पीकरला मीटर सहा-सात दाखवतं, सोळाच्या भोंग्याला बारा-तेरा. शून्याजवळ गेलं तर वायर हातावरून चालवत बघ. ट्रान्झिस्टरच्या मशीनवर आणखी एक कर. स्पीकर काढून आउटपुटला डीसी मोज. पाव व्होल्टाच्या वर दिसलं तर स्पीकर जोडू नको, दोष वाढला तर कॉइल जळेल.

जुन्या मशीनमध्ये २एन३०५५ ट्रान्झिस्टर खूप भेटेल. मूळचे टिकाऊ, पण बाजारात बनावट मालाचा सुळसुळाट आहे. वरून तसाच दिसतो, आत चिप बारीक. पूर्ण आवाजावर अर्धा तास चालला तर खरा. बदलताना खालची अभ्रकाची चकती फाटलेली नाही ना बघ, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लाव आणि मीटरने हीटसिंकशी संबंध तुटलेला आहे याची खात्री कर. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरचं मशीन असेल तर एप्रिलच्या दुपारी मांडवात नेऊ नको. ते तापलं की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतं.

लाइटीचं सांगायला नको. लग्नसराईत वाडीवर रात्री व्होल्टेज किती पडतं ते तुला माहीत आहे. स्टॅबिलायझर घे आणि आकड्यावर मशीन लावू नको. तो गुन्हा तर आहेच, न्यूट्रल ढिला असला की दोनशे तीसच्या जागी चारशेच्या घरात व्होल्टेज येऊ शकतं. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा टाक. वायरीचा काडका बसवणाऱ्याला मशीनजवळ उभा करू नको. आणि दोन पिनांचा जुना प्लग पहिल्याच दिवशी कापून टाक. तीन पिनांचा लाव, डब्याला अर्थिंग दे. माइकला ओठ लावल्यावर बुवांना झिणझिण्या आल्या तर हसण्यावारी नेऊ नको. ओल्या अंगणात अनवाणी उभा असलेला माणूस तो, तेवढ्यावरच थांबेल असं नाही.

बेंजोसाठी एक स्वस्तातली गोष्ट. बझरमधली पितळी चकती बेंजोच्या पेटीला आतून चिकटव आणि जुन्या मशीनच्या ग्रामोफोनच्या इनपुटला जोड. माइकच्या इनपुटला जोडलीस तर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो, कारण अशा चकतीला लाखो ओहमचा इनपुट लागतो आणि तो जुन्या मशीनमध्ये बहुधा ग्रामोफोनलाच असतो. वायर शील्डची हवी आणि आखूड. वायर लांब झाली की आवाज पडतो आणि घरघर वाढते. घरघरीतही फरक असतो. हात माइकच्या वायरीला लावल्यावर बदलणारी घरघर शील्डची किंवा अर्थिंगची, आवाजाचं बटण शून्यावर आणूनही तशीच राहणारी बहुधा फिल्टरच्या कंडेन्सरची. पहिली तूच काढशील, दुसरीला मेकॅनिक लागेल.

पावसाळा मशीनचा खरा वैरी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर फुटतो. मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात ते चूक, ओल आतच कोंडते. सुती कापड टाक, जमिनीपासून वर लाकडी फळीवर ठेव, चुलीच्या वरच्या माळ्यावर नको, काजळी बोर्डावर बसते आणि ओल धरते. पंधरवड्यातून एकदा स्पीकर जोडून अर्धा तास चालू ठेव. आतल्या उष्णतेनेच ओल जाते आणि कंडेन्सरही जिवंत राहतात. आवाजाचं बटण खरखरायला लागलं तर रॉकेल किंवा मशीनचं तेल घालू नको. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण दहा-वीस वेळा फिरव. भोंग्याच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, स्पीकरच्या पेटीत पाल अंडी घालते. गणपतीच्या आदल्या दिवशी आवाज दबला म्हणून युनिट बदलायला धावू नको, आधी भोंगा उलटा करून ठोक.

वॅटच्या मागेही लागू नको. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवायचा हे २००० सालच्या नियमात आहे, काही मोजक्या सणांना बारापर्यंत सूट मिळते. पन्नास वॅटचं चांगलं मशीन आपल्या देवळाच्या अंगणाला पुरून उरतं.

किंमत ठरवताना विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नको. मेकॅनिकला सोबत ने, कंडेन्सर, व्हॉल्व्ह, मजुरी सगळं धरून खर्च काढायला लाव आणि तो मागितलेल्या किमतीत मिळव. बेरीज नव्या मशीनच्या निम्म्यावर गेली तर सोडून दे. एखाद्याच ठिकाणी हा नियम मोड: ट्रान्सफॉर्मर अस्सल असेल आणि मेकॅनिक स्वतः म्हणाला की ‘दादा, हे मी घेतो’. मग त्याच्याआधी तू घे, आणि त्याला दुरुस्तीचं काम दे. मजुरी रोख दे. काढलेले जुने पार्ट मागून घे आणि चिठ्ठी लावून डब्यात ठेव. पुढचा मेकॅनिक आधी तेच विचारेल.