पनीरची निवळी वाया घालवू नका

दूध नासवून पनीर काढल्यावर जे हिरवट-पिवळे पाणी उरते, त्यास निवळी म्हणतात. 100 लीटर दुधामागे ती सुमारे 80 लीटर निघते. पुष्कळ ठिकाणी ती ओढ्यात सोडली जाते. ही चाल घातक आहे. एक लीटर निवळीतील द्रव्ये कुजताना 30 ग्रॅमांहून अधिक प्राणवायू खर्च होतो. स्वच्छ ओढ्याच्या एक लीटर पाण्यात तो जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. म्हणजे एक लीटर निवळी सुमारे 3,750 लीटर पाण्यातील प्राणवायू संपवू शकते. परिणामी मासे मरतात व पाण्यास दुर्गंधी येते.

निवळीत काय असते?

1,000 लीटर निवळीत 45 ते 50 किलो दुग्धशर्करा असते. शिवाय काही प्रथिने, स्निग्धांश व क्षार असतात. पनीरसाठी दूध बरेच तापवावे लागते, त्यामुळे प्रथिनांचा मोठा भाग पनीरमध्येच राहतो. चीजच्या निवळीत प्रथिने अधिक असतात.

पडद्याने गाळण

या पद्धतीत निवळी दाबाखाली सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यालगत वाहती ठेवतात. पहिला पडदा अल्ट्राफिल्ट्रेशनचा. तो प्रथिने व स्निग्धांश अडवतो. पाणी, शर्करा व क्षार पार जातात. येथेच थांबल्यास ओढा वाचत नाही, कारण प्राणवायू संपविणारी शर्करा पार गेलेल्या पाण्यातच असते. म्हणून पुढे रिव्हर्स ऑस्मॉसिसचा पडदा लावावा लागतो. तो शर्करा अडवतो. बाहेर येणारे पाणी फरशी धुण्यास उपयोगी पडते.

गावात काय करावे?

ही यंत्रे मोठ्या दुग्धालयांस वा सहकारी संघांसच परवडतात. तथापि लहान उत्पादकांनी पुढील काळजी घ्यावी :

1. भांडी धुतलेले सोड्याचे पाणी निवळीत मिसळू देऊ नये. एकदा मिसळले की निवळी खाद्य म्हणून निरुपयोगी होते.

2. चुरा फडक्याने गाळून निवळी त्वरित 5 अंशांपर्यंत थंड करावी. अन्यथा ती आंबते.

3. संघाकडे पाठविणे शक्य नसल्यास ताजी निवळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जनावरांस थोडी थोडी पाजावी.

ग्रामसेवकांनी पनीर केंद्रास भेट देताना प्रथम मोरी पाहावी. निवळी व धुण्याचे पाणी यांच्या वाटा वेगळ्या असतील, तरच पुढील सर्व उपाय शक्य होतात.