माहेर सीमेलगत

माझं मूळ गाव विट्याजवळ, माहेर अमृतसरला आणि घर जर्मनीतल्या फोर्ट्सहाइम शहरात. गलाईच्या धंद्यातल्या घरांना यात काही नवल वाटणार नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. माझे आण्णा १९७० साली, चौदा वर्षांचे असताना, अमृतसरच्या गुरू बाजारात एका नातलगाच्या भट्टीवर कामाला लागले आणि तिथलेच झाले. सोन्याचा टंच काढायला मी त्यांच्या हाताखाली शिकले. पुढे धातुशास्त्र शिकले आणि दागिन्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जर्मन गावात प्रयोगशाळेत नोकरीला लागले. आई, आण्णा, दादा, वहिनी आणि दादाची मुलं अजूनही तिकडेच आहेत.

अमृतसरपासून अटारीची सीमा जेमतेम ३० किलोमीटर. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली, त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. त्या दिवसापासून १० मेच्या शस्त्रसंधीपर्यंत, आणि त्यानंतरही, जे उमगलं ते इथे लिहिते आहे. जम्मू, पठाणकोट, भुज, जैसलमेरला ज्यांचं घरचं माणूस आहे आणि जे स्वतः आखातात, युरोपात, अमेरिकेत आहेत, असे मराठी लोक कमी नाहीत. फौजी घरांत तर विचारूच नका.

१. धीर मागायला फोन करू नये.

६ मेच्या रात्री मी जागीच होते. भारतात तेव्हा ७ मे सुरू होऊन रात्रीचा एक वाजून गेला होता आणि भारताने ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मिरात नऊ ठिकाणी हल्ले केल्याच्या बातम्या येऊ लागल्या. पुढच्या रात्री अमृतसरला दिवे गेले. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, “आमचं काय न्हाय गं. तू जेवलीस का?”

परदेशातल्या कितीतरी मुलामुलींना हे वाक्य ओळखीचं वाटेल. अंधारात बसलेली बाई दोन खोल्या, दोन दिवे आणि भरलेला फ्रीज असलेल्या मुलीची समजूत घालत होती. त्यानंतर मी आणि दादाने ठरवून टाकलं, की माझी भीती मी नवऱ्याशी, मैत्रिणीशी, गरज पडली तर डॉक्टरशी बोलेन. आईच्या फोनवर ती येणार नाही. तिथे भाजी काय केली, लाइट किती वाजता गेली, शेजारच्या बीजींच्या गुडघ्याचं काय झालं, असलंच विचारायचं. आई अशा प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरं द्यायची, आणि त्या उत्तरांतून घरातली खरी परिस्थिती मला “सगळं ठीक आहे ना?” या प्रश्नापेक्षा जास्त कळायची. “आज दोन्ही टाईमच्या भाकऱ्या दुपारीच थापल्या,” असं ती म्हणाली की संध्याकाळी अंधार होणार असल्याचं तिने गृहीत धरलंय, हे मला समजायचं.

२. बातमी कुठून घ्यायची, हे आधी ठरवावं.

यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ७ ते १० मेच्या त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त त्रास खोट्या बातम्यांनी दिला.

आमच्या नात्यागोत्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे गलाईवाल्यांचा अख्खा नकाशा आहे. कोइमतूर, केरळ, दिल्ली, कोलकाता, आणि गावाकडचे सगळे. यातलं कुणीच अमृतसरला नव्हतं, आणि अमृतसरबद्दल सगळ्यात जास्त मजकूर यांचाच यायचा. अमृतसरच्या लष्करी तळावर हल्ला झाला म्हणून एक आगीचा व्हिडिओ फिरला. सरकारी पीआयबी फॅक्ट चेकने तो २०२४ च्या वणव्याचा असल्याचं सांगितलं. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, असा निरोप आला; तोही खोटा ठरला. पण तोवर गावाकडच्या माझ्या चुलत्यांनी दादाला फोन करून पैसे काढून ठेवायला लावले होते. वाहिन्यांवर तर चर्चेच्या मागे सायरन वाजत होते. अखेर हवाई हल्ल्याचे सायरन कार्यक्रमात वाजवू नका, असं केंद्र सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं. ज्या गावात खरा सायरन वाजतोय तिथल्या म्हाताऱ्या माणसांना टीव्हीतला आणि बाहेरचा आवाज कसा वेगळा करता येणार? याचा मला आजही राग येतो.

मी तीनच ठिकाणं ठेवली. अमृतसरच्या जिल्हा प्रशासनाचे निरोप, परराष्ट्र आणि संरक्षण मंत्रालयाची पत्रकार परिषद, आणि दादाचा स्वतःचा मेसेज. जिल्हा प्रशासनाचे निरोप लहान आणि सरळ असायचे: घरात राहा, खिडक्यांपासून लांब राहा, दिवे बंद ठेवा, घाबरू नका. त्यात विमानं किती पडली, कुणी पाडली, यातलं काही नसायचं, कारण रात्री तीन वाजता खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता. ग्रुपवर मी एकदाच लिहिलं, की अमृतसरची खबर मी रोज सकाळी एकदा टाकेन, दादाला कुणी थेट फोन करू नये. चुलत्यांना ते आवडलं नाही. पण दादाच्या फोनची बॅटरी वाचली.

३. एकच माणूस, एकच वेळ.

उन्हाळ्यात जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे असते. त्यांच्याकडे पहाट झाली की माझ्याकडे मध्यरात्र उलटलेली. दादा अंधार संपल्यावर एक शब्द पाठवायचा: “उठलो.” त्याला उत्तर द्यायचं नाही, असं ठरलेलं. तो आला की मी झोपायचे.

४. “निघून या” म्हणण्याआधी ते का थांबलेत, हे समजून घ्यावं.

इकडच्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच होता: ते गावी का जात नाहीत? अमृतसरहून नांदेडला रोज सचखंड एक्स्प्रेस सुटते, मनमाडला उतरलं की पुढची वाट माहितीची आहे. विमानतळ बंद होता, पण रस्ता आणि रेल्वे चालू होती. गाड्यांच्या वेळा बदलत होत्या, एवढंच.

पण गलाईचं दुकान कुलूप लावून सोडता येत नाही. मुशीत, तिजोरीत, कपाटात दुसऱ्यांचा माल असतो. कुणाच्या मुलीच्या लग्नाचं सोनं, कुणा सराफाची चांदी. हे सगळं वहीतल्या एका ओळीच्या भरवशावर आण्णांकडे ठेवलेलं. ज्या दिवशी मराठी गलाईवाला रातोरात निघून गेला असं गुरू बाजारात कळेल, त्या दिवशी ५० वर्षांची पत संपली. आण्णांनी १९७१ चा अंधार याच बाजारात काढला, चौऱ्याऐंशीचा कर्फ्यूही. त्यांच्या लेखी थांबणं हे धाडस नव्हतंच. तो धंद्याचा भाग होता.

मग त्यांनी केलं काय? ते ऐकून मला माझ्या घरच्यांचा अभिमान वाटला. भट्टीचा उजेड दिसतो म्हणून दुपारी चारनंतर ती पेटवायची नाही, असं ठरलं. वरच्या मजल्यावर ठेवलेले तेजाबाचे कॅन खाली, भिंतीच्या आडोशाला आणले, कारण हादऱ्याने तेजाब सांडलं तर बॉम्बची गरजच नाही. ज्या सराफांना माल परत हवा होता त्यांना तो वजन करून दिला. आणि गावाकडून आलेली दोन पोरं, वीस-बावीस वर्षांची, त्यांच्या आया रोज रडत फोन करत होत्या. त्या पोरांना दादाने स्वतः स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. आण्णा म्हणाले, “दुसऱ्याची लेकरं हायती. त्यास्नी थांबवायचा आपल्याला अधिकार न्हाय.”

निर्णय त्यांचाच होता. लांबच्या माणसाला मत असावं, ते एकदा स्पष्ट सांगावं, आणि मग त्यांच्या निर्णयाला लागेल ती मदत करावी. मी दिल्लीत राहणाऱ्या एका नातलगाकडे सोय करून ठेवली, पत्ता दादाला दिला आणि पुन्हा विषय काढला नाही.

५. औषधं, पैसे, कागद.

आण्णांची रक्तदाबाची औषधं दोन महिन्यांची. घरात थोडी रोकड. आधार, पासपोर्ट, दुकानाचे परवाने, विम्याची कागदं यांचे फोटो माझ्याकडे आणि दिल्लीत. हे सगळं शांतता असताना करायचं. माझ्या साहेबांशीही मी आधीच बोलून ठेवलं, की अचानक जावं लागलं तर रजा मिळेल का. एप्रिलच्या अखेरीपासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद होती, त्यामुळे दिल्लीची विमानं लांबून वळसा घेत होती. निघायची वेळ आलीच तर किती तास लागतील, याचा हिशेब डोक्यात होता म्हणून बाकीच्या विचारांना जागा उरली.

६. समोरच्या बाकावर लाहोरचा माणूस बसतो.

आमच्या विभागात लाहोरचा एक सहकारी आहे. लाहोर ते अमृतसर अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत पंजाबीत बोलतो. माझी अमृतसरी पंजाबी त्याला त्याच्या आजीसारखी वाटते, असं तो सांगतो; फाळणीच्या वेळी त्याची आजी अमृतसरहून तिकडे गेली होती.

पहलगामच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. “बहुत माडा होया,” फार वाईट झालं, म्हणाला आणि उभाच राहिला. मी त्याला बसायला सांगितलं. ८ मेला भारताने लाहोरमधली हवाई संरक्षण यंत्रणा निकामी केल्याचं जाहीर केलं, त्याच संध्याकाळी पठाणकोट, जम्मू, अमृतसरच्या दिशेने ड्रोन येत होते. आम्ही दोघंही एकाच खोलीत, आपापल्या फोनकडे बघत. त्याची आई लाहोरला, माझी अमृतसरला.

आमच्यात त्या दिवसांत एक रीत आपोआप पडली. एकमेकांच्या आईची चौकशी करायची, सरकारांची नाही. माझं मत मी लपवलेलं नाही: पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घालणाऱ्यांना जे आसरा देतात ते या सगळ्याला जबाबदार आहेत, आणि भारताने उत्तर दिलं ते योग्य केलं, असं मला वाटतं. त्याला हे माहीत आहे. त्याचं वेगळं काही असेल, मी विचारलं नाही. पण ९ मेच्या सकाळी त्याने विचारलं, “माताजी ठीक ने?” तेव्हा तो प्रश्न खरा होता, आणि मी दिलेलं उत्तरही खरं होतं. देशाबद्दलची निष्ठा आणि एका म्हाताऱ्या बाईची काळजी या दोन्ही गोष्टी एका माणसात मावतात, हे मी त्या खोलीत पाहिलं. इकडच्या काही भारतीय ओळखीच्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. मला ते जमलं नसतं, आणि मी ते केलंही नाही.

७. ज्या बाईने युद्ध पाहिलंय तिचा प्रश्न वेगळा असतो.

फोर्ट्सहाइमवर २३ फेब्रुवारी १९४५ च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले. वीसेक मिनिटांत गावाचा मधला भाग जळून गेला आणि १७ हजारांहून अधिक माणसं मेली. ढिगारा उचलून एका टेकडीवर रचला. वालबर्ग म्हणतात तिला, लोक तिथे फिरायला जातात. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. त्या वेळी त्या आठ वर्षांच्या होत्या.

ऑफिसात सगळे मला विचारत होते, आता काय होणार, अणुबॉम्ब पडेल का. या आजींनी जिन्यात थांबवून विचारलं, “तुझ्या आईच्या घराला तळघर आहे का?”

कुणीच हे विचारलं नव्हतं. मी दादाला विचारलं. जुन्या गल्लीतलं घर, तळघर नाही. पण दुकानामागची एक आतली खोली आहे, बिनखिडकीची, जाड भिंतींची, जिथे पूर्वी कोळसा ठेवायचे. त्या रात्रीपासून सगळे तिथे झोपले. आजींनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या: पायात चपला घालूनच झोपायचं, आणि पाण्याची बादली दारात न ठेवता खोलीत ठेवायची. मी त्या तशाच आईला कळवल्या, कुणाच्या आहेत तेही सांगितलं. आईने त्या आजींसाठी नंतर पापड पाठवले.

८. शस्त्रसंधीची बातमी आली की लगेच विश्वास ठेवायची घाई नको.

१० मे, शनिवार. भारतात संध्याकाळी पाचपासून शस्त्रसंधी लागू झाल्याचं परराष्ट्र सचिवांनी सांगितलं तेव्हा इथे दुपार होती. ग्रुपवर फुलं, झेंडे, नमस्कार. रात्री उल्लंघनाच्या बातम्या आल्या आणि अमृतसरला पुन्हा दिवे बंद झाले. आईने व्हेंटिलेटरवर चिकटवलेला काळा कागद काढला नव्हता; तो बरेच आठवडे तसाच राहिला. १२ मेला विमानतळ सुरू झाले, आणि दादाचा “उठलो” मात्र पुढेही येत राहिला, मी बंद कर म्हणेपर्यंत.

खरं काय घडलं ते मला दिवाळीत, घरी गेल्यावर कळलं. त्या रात्रींमध्ये आईने मालाची वही आणि तिजोरीच्या किल्ल्या पदरात बांधून ठेवल्या होत्या. आवाज झाला की शेजारच्या बीजी तिच्याजवळ येऊन बसायच्या. ८ तारखेला आण्णांचा रक्तदाब इतका वाढला, की दादाने अंधारात डॉक्टरला गल्लीतून चालत आणलं. यातलं एक अक्षरही फोनवर आलं नव्हतं.

मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “सांगिटलं आसतं तर तू ‘निघा, निघा’ म्हणली आसतीस. न्हाय तर नोकरी सोडून आली आसतीस.” मग आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून ठरवलं. पुढे कधी अशी वेळ आली, तर दुखणंखुपणं ती लपवणार नाही, आणि ते ऐकून मी तिला घर सोडायला सांगणार नाही. आण्णांशी मात्र हे बोलणं अजून व्हायचं आहे.