बालवाडींतील बांधकामाचा खेळ

बारामती व इंदापूर तालुक्यांतील मुलांस बांधकामाची गोडी नव्यानें लावावयास नको. दिवाळी जवळ आली म्हणजे दगड, माती व जुनें पोतें गोळा करून तीं अंगणांत किल्ला उभारितात, त्यावर अळीव पेरितात व मातीचे मावळे मांडितात. परंतु दिवाळी सरतांच तो मोडतो, आणि एवढें शिक्षण ज्यांत आहे तो खेळ वर्षभर बंद पडतो. तो बालवाडींत बारमाही कसा चालवावा, हें या पाठांत आपण पाहूं.

ही कल्पना जुनीच आहे. जर्मनींतील फ्रोबेल यानें १८३७ सालीं लहान मुलांची शाळा काढिली व १८४० सालीं तिला बालोद्यान हें नांव दिलें. त्याच्या साधनांत लाकडी ठोकळे होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणे जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गांवांत मिळणाऱ्या साध्या वस्तूंनींही उत्तम शिकवितां येतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

साहित्य : सुताराकडील लाकडाचे तुकडे कडा घासून घ्यावे. करवंट्या, रिकामे खोके, उसाचें पाचट, ओली माती व एक लहान घमेलें असावें. दोरीस दगड बांधला कीं ओळंबा झाला. खिळे, कांच, चुना व सिमेंट मात्र दूर ठेवावें. ओल्या सिमेंटानें कातडी भाजते. तोंडांत जाईल असा बारीक खडाही नको.

रीत : एका वेळीं चार-पांच मुलें पुरेत. कोणी गवंडी, कोणी बिगारी, कोणी सुतार, कोणी घरमालक व्हावें. गवंडीकाम मुलग्यांचें व पाणी वाहणें मुलींचें, अशी वांटणी करूं नये. कामें आळीपाळीनें द्यावीं. बाईंनीं उत्तर न सांगतां प्रश्न विचारावा : वरचा ठोकळा खालच्या दोहोंच्या सांध्यावर ठेविला तर काय होतें? एकावर एक सरळ रचिले तर काय होतें? दोन्ही भिंती हलकेच ढकलून मुलांनींच पाहावें. मग नीरा डावा कालवा मातींत खोदून पाणी सोडावें. उतार नसेल तर पाणी पुढें जात नाहीं, हें तीं स्वतः शोधितील.

एक गोष्ट आम्हांस विशेष सांगावयाची आहे. ऊसतोडीच्या हंगामांत साखर कारखान्यांच्या परिसरांत कोप्या उभ्या राहतात. तेथील मूल बालवाडींत आलें म्हणजे पुष्कळदां कोपऱ्यांत गप्प बसतें. त्यास पाचट व काटक्या द्या. कोपी कशी उभी करावी हें त्यानें रोज पाहिलें आहे. त्या दिवशीं तेंच मिस्त्री होईल व इतर त्याचे बिगारी होतील. "हें काय घर आहे?" असें कोणी हंसूं लागल्यास बाईंनीं तें तेथेंच थांबवावें. पावसाथंडीपासून माणसांस राखतें तें घरच होय, हें लहानपणींच कळलें पाहिजे.

खेळ संपतांच बांधलेलें मोडूं नये. उद्यांपर्यंत राहूं द्यावें व घरीं नेण्यास आलेल्या आईबापांस मुलानें तें दाखवावें.

विचारासाठीं प्रश्न : आपल्या बालवाडींत उसतोड्यांचीं मुलें येतात काय? येत नसल्यास त्यांस बोलाविण्यास कोण जाईल?