दुसरा प्रोसेसर जागा कसा करायचा? : बीगलबोन ब्लॅकवरचा एक पाठ



इलेक्ट्रॉनिक्सचे प्रकल्प करणारी मुलं एका ठिकाणी हमखास अडतात. स्क्रीनवर ‘प्रोग्राम चालू आहे’ असं दिसतं, पण बोर्डाला जोडलेला दिवा काही लागत नाही. मग तारा उपसणं, बोर्ड बंद-चालू करणं सुरू होतं. आजचा पाठ याच अडचणीवर आहे. उदाहरण म्हणून बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड घेऊ, कारण त्याच्या एकाच चिपमध्ये मुख्य प्रोसेसर आणि त्याचे मदतनीस, म्हणजे कोप्रोसेसर, असे दोन्ही आहेत.

मदतनीस हवा कशाला?

गॅसवर दूध तापतंय. आई पोळ्या लाटतेय, मध्येच फोन घेतेय, बेल वाजली की दार उघडतेय. सगळी कामं होतात, पण नेमकी नजर हटते तेव्हाच दूध उतू जातं. म्हणून ती मुलाला सांगते, “तू इथे उभा राहा. दूध वर आलं की गॅस बंद कर.”

बीगलबोनचा १ गिगाहर्ट्झचा मुख्य प्रोसेसर लिनक्स चालवतो, म्हणजे त्या आईसारखाच दहा कामांत गुंतलेला असतो. त्याच चिपमध्ये २०० मेगाहर्ट्झचे दोन छोटे प्रोसेसर आहेत. त्यांना पीआरयू म्हणतात. वेग कमी, पण मध्येच दुसरं काम कोणी गळ्यात मारत नाही. त्यांची बहुतेक सूचना ५ नॅनोसेकंदांत पूर्ण होते.

याचा फरक किती पडतो, ते गणितानेच दाखवा. ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर घ्या. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. जाऊन-येऊन १ सेंटिमीटर अंतरासाठी सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. लिनक्स दुसऱ्या कामात अडकून फक्त १ मिलिसेकंद उशिरा आलं, तरी मोजमाप सुमारे १७ सेंटिमीटरने चुकतं! विज्ञान आणि गणित इथे एकत्र येतात, म्हणून हे उदाहरण वर्गात जरूर करून घ्या.

जागं करण्याच्या पायऱ्या

पीआरयूकडे प्रोग्राम कायमचा साठवायला स्वतःची जागा नसते. प्रत्येकाकडे सूचनांसाठी ८ किलोबाइट मेमरी असते आणि वीज गेली की ती रिकामी होते. त्यामुळे दर वेळी मुख्य प्रोसेसरलाच पुढची कामं करावी लागतात.

१. प्रोग्राम तयार ठेवणे. पीआरयूची भाषा वेगळी असते. त्याच्यासाठीच्या कंपायलरने तयार केलेली फाइल लिनक्सच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये ठेवायची.

२. पिन सोपवणे. बोर्डावरची पिन पीआरयूला जोडून देणं हे काम मुख्य प्रोसेसरचं. उदाहरणार्थ, पी९ पट्टीवरची २७ क्रमांकाची पिन पहिल्या पीआरयूला देता येते.

३. फाइलचं नाव सांगणे. लिनक्समध्ये ‘रिमोटप्रॉक’ नावाची सोय आहे. त्यात प्रत्येक मदतनीसाचं एक फोल्डर दिसतं. त्यातल्या ‘फर्मवेअर’ या नोंदीत आपल्या फाइलचं नाव लिहायचं. फोल्डरचे क्रमांक बदलू शकतात, म्हणून आधी ‘नेम’ ही नोंद वाचून योग्य मदतनीस निवडा.

४. सुरू करणे. ‘स्टेट’ या नोंदीत ‘स्टार्ट’ लिहायचं. लिनक्स फाइल उघडतं, तिच्यातले भाग पीआरयूच्या मेमरीत उतरवतं, कुठून सुरुवात करायची ते सांगतं आणि त्याला चालू करतं. प्रोग्राम बदलायचा असेल तर आधी ‘स्टॉप’ लिहून थांबवावं लागतं.

‘रनिंग’चा खरा अर्थ

आता ‘स्टेट’ वाचलं की ‘रनिंग’ असं उत्तर येतं. मुलं इथेच फसतात. आईने “उभा आहेस ना?” विचारलं आणि मुलगा “हो” म्हणाला. पण त्याचं लक्ष दुधाकडे आहे की खिडकीबाहेर, हे त्या ‘हो’वरून कळत नाही. ‘रनिंग’ म्हणजे लिनक्सने मदतनीसाला सुरू केलंय, एवढंच. प्रोग्राम मध्येच संपला किंवा एखाद्या चक्रात अडकला, तरी तिथे ‘रनिंग’च दिसत राहतं.

मग खात्री कशी करायची? दोन्ही पीआरयू आणि मुख्य प्रोसेसर यांना वापरता येईल अशी १२ किलोबाइटची सामायिक मेमरी असते. पीआरयूच्या प्रोग्रामने प्रत्येक फेरीत तिथला एक आकडा १ ने वाढवायचा. मुख्य प्रोसेसरने तो आकडा थोड्या अंतराने दोनदा वाचायचा. ही झाली मदतनीसाची नाडी!

मुलांकडून निष्कर्ष असे काढून घ्या :

- आकडा वाढतोय, पण दिवा लागत नाही : प्रोग्राम फिरतोय. आधी पिनची जोडणी आणि तारा तपासा, मग प्रोग्राममध्ये बरोबर पिन लिहिली आहे का ते बघा.
- आकडा वाढत नाही, पण ‘रनिंग’ दिसतंय : दोष प्रोग्राममध्ये शोधा. तारांना हात लावू नका.
- ‘रनिंग’च दिसत नाही : फाइलचं नाव आणि जागा तपासा.

वर्गात करताना काळजी

पहिला प्रयोग दिव्याचाच ठेवा. एलईडीसोबत १ किलोओहमचा रोध लावा. सेन्सर नंतर. एचसी-एसआर०४ हा सेन्सर ५ व्होल्टचा संकेत परत पाठवतो आणि बीगलबोनच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. थेट जोडला तर बोर्ड कायमचा खराब होऊ शकतो. सेन्सरची ‘इको’ तार आधी १ किलोओहमच्या रोधाला जोडा, त्याचं दुसरं टोक पिनला, आणि पिनपासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा रोध लावा. बोर्ड बंद असताना कुठल्याही पिनला व्होल्टेज देऊ नका.

मुलांना विचारा

१. वीज जाऊन आली, तर पीआरयूचा प्रोग्राम आपोआप सुरू होईल का? का?
२. ५८ मायक्रोसेकंदांत पीआरयू ५ नॅनोसेकंदांच्या किती सूचना पूर्ण करेल? (उत्तर : ११,६००)
३. आकडा वाढतोय म्हणजे मोजलेलं अंतरही बरोबरच आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर घाई करू नका. आकडा वाढला म्हणजे प्रोग्राम फिरतोय एवढंच कळतं. अंतर बरोबर आहे का, हे पट्टी घेऊन मोजूनच ठरवावं लागतं. पालकांनी घरी एवढं जरूर करावं : मूल “चालू आहे” म्हणालं की शांतपणे विचारावं, “कशावरून?” त्याला उत्तर शोधायला वेळ द्यावा.