पाइन-बीज अर्थात चिलगोजा : त्वचा व केश प्रसाधनातील यथार्थ स्थान

केशतेल, क्रीम व फेसवॉश यांच्या कच्च्या मालाच्या दरपत्रकांत ‘पाइन सीड एक्स्ट्रॅक्ट’ हे नाव अलीकडे वारंवार आढळते. आपल्या फार्मसीच्या उत्पादनात हे द्रव्य घ्यावे काय, अशी पृच्छा अनेक व्यवसायबंधू करतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ‘कोणता पाइन आणि त्याचे कोणते अंग?’ हा प्रतिप्रश्न करणे क्रमप्राप्त आहे. कारण बीजाचे तेल, बीजाचा ग्लायकॉलमधील निष्कर्ष, सालीचे सत्त्व आणि राळेपासून काढलेले टर्पेन्टाइन अशी चार सर्वस्वी भिन्न द्रव्ये ‘पाइन’ या एकाच नावाने विकली जातात.

द्रव्यनिश्चिती

आपल्याकडील खाद्य पाइन-बीज म्हणजे चिलगोजा. पायनस जिरार्डियाना हा त्याचा वृक्ष हिमाचल प्रदेशातील किन्नौर व चंबा, तसेच पाकिस्तान व अफगाणिस्तानातील शुष्क पर्वतउतारांवर वाढतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात, फलवर्गात, वाताम व अक्षोट यांच्या जोडीने ‘निकोचक’ येतो. अनेक अभ्यासक त्यास चिलगोजा मानतात, काही पिस्ता मानतात. हा वाद मिटलेला नाही.

सरल हा याचाच सगोत्र वृक्ष, म्हणजे पायनस रॉक्सबर्घाय. त्याचा निर्यास श्रीवेष्टक हा सुश्रुतोक्त एलादि गणात समाविष्ट असून तो गण वर्णप्रसादन व कंडूपिडकानाशन म्हणून प्रसिद्ध आहे. विक्रेता ‘पाइन ग्रंथोक्त आहे’ असे सांगतो तेव्हा आधार बहुधा या निर्यासाचा असतो. बीजाला तो लागू करता येत नाही.

गुणविचार

चरकांनी या वर्गातील मगजफळे गुरु, उष्ण, स्निग्ध, मधुर, वातघ्न व बृंहण, परंतु कफपित्तवर्धक सांगितली आहेत. हे गुण आभ्यंतर सेवनाचे आहेत. बाह्योपयोगात त्यांचा विनियोग हे अनुमान होय, तथापि ते रासायनिक घटनेशी विसंगत नाही. चिलगोजाच्या तेलात ओलिक व लिनोलिक ही मेदाम्ले प्रमुख असतात. सबब रूक्ष, फुटलेली त्वचा, विपादिका, हिवाळ्यातील खरखरीतपणा व कोरडे, दुभंगणारे केस यांत ते उत्तम स्नेहन करते. तेलकट त्वचेच्या तरुणांतील मुखदूषिकेत मात्र ते टाळावे. तेलकट कोंड्यातही देऊ नये, कारण मॅलॅसेझिया ही टाळूवरील बुरशी तेलातील मेदाम्लांवरच पोसली जाते.

जाहिरातींत ज्याचा गाजावाजा होतो ते पिनोलेनिक आम्ल कोरियन व सैबेरियन पाइनच्या बीजतेलात भरपूर असते. भूमध्य सागराकाठच्या पायनस पायनियात ते अत्यल्प असते. शिवाय ते मेदाम्ल असल्याने पाणी वा ग्लायकॉलमधील निष्कर्षात उतरत नाही. अशा निष्कर्षाच्या माहितीपत्रकावर पिनोलेनिक आम्लाचे गुण छापलेले दिसले, तर ते दुसऱ्याच द्रव्याचे गुण आहेत असे समजावे. (या निष्कर्षास ‘अर्क’ म्हणणेही योग्य नव्हे, आपल्या शास्त्रात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने मिळालेला द्रव.)

सालीच्या बाबतीत असाच घोटाळा होतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वांग असलेल्या ३० स्त्रियांना फ्रान्समधील सागरी पाइनच्या सालीचे सत्त्व २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, ३० दिवस पोटात दिले होते व डाग फिके झाल्याचे नोंदविले होते. तुलनागट नसलेला हा लहान अभ्यास आहे, आणि तो सालीचा आहे. बीजाच्या क्रीमच्या वेष्टनावर त्याचा हवाला देणे ही ग्राहकाची दिशाभूल होय.

रुग्णदक्षता

माझ्याकडे आलेल्या एका मध्यमवयीन महिलेच्या टाळूवर व कपाळावर स्रावयुक्त विचर्चिका उत्पन्न झाली होती. वापरातील तेलाच्या बाटलीवर केवळ ‘पाइन ऑइलयुक्त’ एवढेच छापलेले. त्यास टर्पेन्टाइनचा स्पष्ट गंध होता. जुन्या, हवा लागलेल्या टर्पेन्टाइनमधील ऑक्सिडीकृत घटक स्पर्शजन्य त्वचाशोथाचे परिचित कारण आहेत. तेल बंद करून चिकित्सा केल्यावर टाळू पूर्ववत झाली. नाव अर्धवट छापण्याचे मोल अशा प्रकारे रुग्ण मोजतो.

बीजतेलाचा धोका निराळा. चिलगोजा, काजू वा अक्रोड खाल्ल्यावर गांधी उठणे किंवा ओठ सुजणे असा इतिहास असल्यास हे तेल लावू नये. घाण्यावरील तेलात प्रथिनांचे अंश राहतात. इतरांतही हाताच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस पाहावे.

निर्मितीविषयी

हे तेल लवकर खवट होते. तैलपाकात घालून शिजवू नये. सिद्ध तेल निवल्यावर ५ ते १० टक्के मिसळावे. गडद बाटलीत, थंड जागी, काठोकाठ भरून ठेवावे. मूल्य पाहता सर्वसाधारण उत्पादनास बदामतेल वा तिळतेल पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चिलगोजाचे शंकू पक्व होण्यास दुसरा हंगाम उजाडतो, ते उघडण्यापूर्वीच उतरविले जातात व रानात नवी रोपे फार कमी उगवतात. खाण्यासाठीच अपुऱ्या पडणाऱ्या अशा मालात भेसळ होणारच.

परवान्याचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील कलम ३(एच) नुसार आयुर्वेदीय प्रोप्रायटरी औषधात प्रथम अनुसूचीतील ग्रंथांच्या योगांतील द्रव्येच चालतात. चिलगोजासाठी निकोचकाचा आधार मांडून पाहता येईल, मात्र ओळखीचा वाद अधिकाऱ्यांपुढे येईलच. कोरियन व सैबेरियन बीजास तोही आधार नाही. ते उत्पादन सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खालील परवान्यातच काढावे. टक्कल व नव्या केसांची वाढ हे दावे १९४५ च्या नियमांतील अनुसूची ‘जे’ मध्ये येतात, हेही वेष्टनाचा मजकूर लिहिणाऱ्यास अवश्य सांगावे.

खरेदीच्या वेळी जातीचे पूर्ण लॅटिन नाव, वनस्पतीचे अंग, वापरलेला द्रावक, काढल्याची तारीख व पेरॉक्साइड मूल्य लेखी मागावे. यांपैकी पहिली दोन न देणाऱ्याचा माल फार्मसीत उतरवून घेऊ नये.