तुटलेला स्टड आणि तापलेले छिद्र

सायकलीला छोटे टू-स्ट्रोक इंजिन बसवले, की त्याचा सायलेन्सर सिलिंडरला दोन पोलादी स्टडांनी जोडतात. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला, डोके नसलेला बोल्ट. त्याचे एक टोक ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये घट्ट बसते. दुसऱ्यावर नट येतो. अनेक इंजिनांत हा स्टड केवळ ६ मि.मी. जाड असतो. तो पुष्कळदा तुटतो आणि अर्धा तुकडा आत अडकून राहतो.

पोलादासारखा धातू तुटतो कसा? एक तार घ्या. एकदा वाकवली तर ती तुटत नाही. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवा, थोड्याच वेळात तुटेल. याला धातूचा थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक स्फोट होतो. मिनिटाला ५,००० फेरे धरले, तर तासाला ३ लाख हादरे झाले! नट घट्ट असेल तर सायलेन्सर आणि सिलिंडर एकमेकांवर दाबलेले राहतात व हादऱ्यांचा थोडाच भाग स्टडवर येतो. नट सैल झाला, की सायलेन्सर हलू लागतो आणि स्टड त्या तारेसारखा वाकत राहतो.

आता तुकडा काढायचा कसा? प्रथम सांध्यावर पातळ तेल सोडून ते मुरू द्यावे. मग सिलिंडर इंजिनापासून सोडवून, तेल व पेट्रोल पुसून तापवावा. येथे पुष्कळांना शंका येते: ॲल्युमिनियम प्रसरण पावले तर छिद्र लहान होऊन स्टड अधिकच आवळला जाणार नाही का? नाही. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवूनच चढवतात, कारण तापल्यावर तिचा आतला व्यासही वाढतो. छिद्राचेही तसेच. तापमान १०० अंश सेल्सियसने वाढले, तर ६ मि.मी. व्यासाचे छिद्र सुमारे ०.०१४ मि.मी. वाढते, पोलादी स्टड मात्र ०.००७ मि.मी. एवढाच. हा ०.००७ मि.मी.चा फरक गंजाची पकड सोडवायला मदत करतो.

तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर आवळावेत आणि आतला नट पान्ह्याने उलटा फिरवावा. तो आतच तुटला असेल तर बरोबर मध्यभागी सेंटर पंचाची खूण करून बारीक भोक पाडावे व उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरावा. तो डावीकडे फिरवताना तुकड्यात रुततो आणि त्याच दिशेने तुकडा सुटतो. जोर मात्र बेताने लावा. एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर त्याच्या कठीण पोलादाला साधे ड्रिल लागत नाही आणि सारा सिलिंडर वाया जाण्याची वेळ येते. हे काम डोळ्यांवर चष्मा लावून, जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करावे.

नवा स्टड बसवला म्हणजे काम संपले नाही. इंजिन एकदा तापून थंड झाले की गॅस्केट थोडे दबते आणि नट ढिला पडतो; तो पुन्हा आवळावा. सायलेन्सरच्या लांब टोकाला पट्टीचा आधार द्यावा. एवढे न करता नुसता अधिक मजबूत स्टड घातला, तर तोही केव्हा तरी थकणारच.

आता विचार करा: सिलिंडरऐवजी फक्त स्टडच तापवला, तर काय होईल?