फोकस पुढे सरकतोय? आधी लेन्स तपासा

प्रश्न : माझ्या जुन्या पेंटॅक्स के१०डीत डोळ्यावर फोकस केला, तर नाकाचा शेंडा स्पष्ट येतो. छुपा सर्व्हिस मेनू उघडून हे दुरुस्त करू का?

उत्तर : लगेच नको. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली, मिरर बॉक्सच्या तळाशी असतो. लेन्सपासून तिथवरचं आणि चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत जुळावं लागतं. केसभर फरक पडला, की नाक आणि डोळ्याची अदलाबदल होते.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. उभ्या छापील कागदावर फोकस करा. त्याला खेटून फूटपट्टी तिरकी ठेवा, म्हणजे स्पष्ट भाग पुढे आहे की मागे, ते आकड्यांवरून कळेल. प्रत्येक फोटोआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवा. हे सगळं दिवसाउजेडी करा. पिवळ्या बल्बच्या उजेडात मोजमाप फसतं. मग दुसरी लेन्स लावा. चूक एकाच लेन्समध्ये दिसली, तर कॅमेऱ्याला हात लावू नका. छुप्या मेनूतला आकडा सगळ्याच लेन्सना लागू होतो. एकीचं दुखणं बाकीच्यांच्या माथी जाईल.

सगळ्याच लेन्स सारख्याच चुकत असतील, तरच त्या वाटेला जा. मूळ आकडा आधी लिहून ठेवा, बॅटरी पूर्ण चार्ज करा, शेजारच्या नोंदींना हात लावू नका. वॉरंटी असती, तर मी सर्व्हिस सेंटरच सुचवलं असतं. २००८च्या के२०डीत हीच सोय नेहमीच्या मेनूत आली, तीही लेन्सनिहाय.